न्यायाधीश मतपेटीतून? आधी सांता क्लारा पाहा

महोदय,

एखाद्या जामिनावरून किंवा शिक्षेवरून गहजब झाला की ‘न्यायाधीशही लोकांनीच निवडून द्यावेत’ अशी पत्रं हटकून येतात. पुण्यात अपघातातल्या अल्पवयीन आरोपीला तीनशे शब्दांच्या निबंधावर जामीन मिळाला, तेव्हा आमच्या कट्ट्यावरही हेच चाललं होतं. मी जिल्हा न्यायालयातून बेंच क्लार्क म्हणून निवृत्त झालो. पण या बाबतीत माझे कान उपटले गेले ते सातासमुद्रापार, २०१८ च्या मे महिन्यात, कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलला लेकीच्या जेवणाच्या टेबलावर. टपालाने मतपत्रिका आली होती आणि तीत प्रश्न होता: न्यायाधीश एरन पर्स्की यांना मुदतीआधीच पदावरून हटवायचं का?

हे गृहस्थ सांता क्लारा काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) सुपीरियर कोर्टात, म्हणजे आपल्या सत्र न्यायालयासारख्या कोर्टात होते. त्याआधी सरकारी वकील, तेही लैंगिक गुन्ह्यांचे खटले चालवणारे. २००२ मध्ये न्यायाधीशपदाच्या निवडणुकीत पडले आणि पुढच्याच वर्षी गव्हर्नरने त्यांना त्याच कोर्टावर नेमलं! तिथे मुदत सहा वर्षांची. विरोधात कुणी अर्ज भरला नाही तर न्यायाधीशाचं नाव मतपत्रिकेवर येतच नाही, माणूस आपोआप निवडून येतो.

२ जून २०१६ रोजी पर्स्कींनी स्टॅनफर्डच्या एका जलतरणपटूला बेशुद्ध तरुणीवरच्या लैंगिक अत्याचाराबद्दल सहा महिन्यांची कैद दिली. सरकार पक्षाने सहा वर्षं मागितली होती. पोरगा तीन महिन्यांत बाहेर आला. देशभर आगडोंब उसळला. आणि ७ जूनच्या निवडणुकीत, शिक्षेनंतर पाचच दिवसांनी, हेच साहेब बिनविरोध पुन्हा सहा वर्षांसाठी निवडून आले. लोकशाहीचा पहारा म्हणतात तो हा!

मग स्टॅनफर्डच्याच कायद्याच्या प्राध्यापिका मिशेल डॉबर यांनी पर्स्कींना मतदानाने हटवण्याची मोहीम उभारली. ९४ हजारांहून अधिक सह्या जमल्या. न्यायाधीशांवर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या आयोगाने पर्स्कींना गैरवर्तनाच्या आरोपातून मोकळं केलं होतं, शिक्षाही प्रोबेशन खात्याच्या शिफारशीला धरूनच होती. त्याचा उपयोग झाला नाही. ५ जून २०१८ रोजी लोकांनी त्यांना घरी पाठवलं. कॅलिफोर्नियात १९३२ नंतर प्रथमच असं घडलं.

लेकीने ‘हो’वर खूण केली. मुलीचा बाप म्हणून मला ते पटलं. ती शिक्षा मलाही हलकीच वाटते. पण मोहिमेला विरोध कुणी केला होता ते पाहा: गरिबांची वकीलपत्रं घेणारे तिथले सरकारी बचाव वकील. त्यांची भीती साधी होती. न्यायाधीश धास्तावले की श्रीमंताच्या पोराला नव्हे, त्यांच्याच अशिलांना जास्त वर्षं मिळतील. पुढे कॅलिफोर्नियातल्या सहा काउंट्यांमधल्या शिक्षा तपासल्या गेल्या, तेव्हा मोहीम जाहीर झाल्यापाठोपाठ त्या सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. गोऱ्या-काळ्यांमधली तफावत मात्र कमी झाली नाही.

आपल्याकडे लोकसेवा आयोगाची परीक्षा, उच्च न्यायालयाचं नियंत्रण, दर तीन-चार वर्षांनी बदली. फार उत्तम चालतं असं मी म्हणणार नाही. तारखांचे ढीग मीच बांधलेत. पण चोरीच्या तांब्याच्या तारेसाठी उभ्या असलेल्या पोराचा जामीन लिहिताना साहेबांना पुढच्या निवडणुकीचा हिशेब करावा लागत नव्हता. आदेश चुकला तर वर अपील होतं.

मतपत्रिकेवर दुसरा प्रश्नही होता: पर्स्की गेले तर त्यांच्या जागी कोण? दोन नावं. लेक म्हणाली, “बाबा, तुम्ही कोर्टात होतात ना, सांगा, या दोघींतली कोण?” मला काय सांगता येणार? नवे साहेब रुजू झाले की बोर्ड, म्हणजे दिवसभराच्या खटल्यांची यादी, कसं चालवतात, रोजनामा (कामकाजाची नोंद) वाचून सही करतात की न वाचता, यावरून आम्ही आठवडाभरात ओळखायचो. पण त्याला रोज समोर बसावं लागतं. शेवटी तिने एका नावापुढे खूण केली आणि पाकीट चिकटवलं.

— एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, सातारा