डबीत थुंकी नको, बेडका हवा

महोदय,

बेडक्याची तपासणी ‘निगेटिव्ह’ आली की रुग्ण निश्चिंत होतो. पण डबीत होते काय? फेसाळ, पाण्यासारखी लाळ असेल तर त्या अहवालाला अर्थ नाही. घट्ट, चिकट, बहुधा पिवळसर असा 3 ते 5 मिलिलिटर बेडका लागतो. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी, दोन-तीनदा खोल श्वास घेऊन क्षणभर रोखावा आणि छातीच्या तळातून खोकावे. तेही मोकळ्या हवेत, माणसांपासून दूर. नमुना पोहोचायला उशीर होणार असेल तर 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवावा. उन्हात राहिला की तोंडातले जंतू माजतात आणि कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून ओळखण्याची चाचणी) वाया जाते.

न्यूमोनियाच्या संशयात प्रयोगशाळेने आधी काचपट्टी, म्हणजे काचेवर पसरलेला नमुना, सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी. कमी क्षमतेच्या भिंगाखाली एका दृश्यक्षेत्रात तोंडाच्या अस्तराच्या 10 हून अधिक पेशी दिसल्या, तर ती लाळच. नमुना सरळ परत करावा. तसे न करता कल्चर लावले की तोंडातल्याच जंतूंचे नाव छापून येते आणि नको ते प्रतिजैविक सुरू होते!

क्षयाचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला मिलिलिटरमागे साधारण 5,000 ते 10,000 तरी असावे लागतात. सीबीनॅट ही जंतूंचा डीएनए शोधणारी यंत्रावरची चाचणी त्याहून बरीच कमी संख्या पकडते, सुमारे 2 तासांत. मात्र मेलेल्या जंतूंचा डीएनएही ती पकडते. उपचार लागू पडतोय का, हे पाहायला काचपट्टी आणि कल्चरच हवे.

– एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ