खवले मांजराची किंमत छापू नये

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कोकणात खवले मांजराची (अंगभर खवले असलेल्या पँगोलिन या प्राण्याची) तस्करी करणारे पकडले गेले की, त्या बातमीत 'आंतरराष्ट्रीय बाजारात या प्राण्याची किंमत इतके लाख रुपये' हे वाक्य बहुतेक वेळा वाचायला मिळते. हा आकडा आपल्या दैनिकाने यापुढे छापू नये, अशी कळकळीची विनंती आहे. ज्या प्राण्याच्या खरेदी-विक्रीवर बंदी आहे, त्याचा भाव कोण ठरवणार? तरीही छापून आलेला आकडा गावोगावच्या मोबाइलवर फिरतो आणि रात्री बांधावर दिसलेले खवले मांजर ज्याने एरवी बिळात जाऊ दिले असते, तोच माणूस त्याला पोत्यात घालून गिऱ्हाईक शोधू लागतो. गिऱ्हाईक मिळेपर्यंत मुंग्या आणि वाळवीवर जगणारा हा बिनदाताचा प्राणी उपासमारीने आणि भीतीने खंगत जातो. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते, त्यामुळे गेलेली संख्या लवकर भरून निघत नाही.

वास्तविक ज्या खवल्यांना औषधी समजून ही तस्करी होते, ते म्हणजे आपल्या नखांसारखेच केराटिन हे प्रथिन आहे. चीनने २०२० मध्ये आपल्या अधिकृत औषधसूचीतून हे खवले वगळले, ही गोष्ट मात्र आपल्याकडच्या बातम्यांत क्वचितच येते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत या प्राण्याचा समावेश असून, २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याला किमान तीन व कमाल सात वर्षे कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. बातमीत आकडाच द्यायचा असेल, तर तो या शिक्षेचा द्यावा, आणि सोबत वन विभागाचा १९२६ हा मदत क्रमांकही द्यावा.

चिपळूण तालुक्यातील डुगवे गावात 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने २०२० मध्ये ग्रामस्थांसह 'खवलोत्सव' साजरा केला. जो प्राणी लाजरा, निशाचर असल्याने सहसा नजरेसही पडत नाही, त्याच्यासाठी अख्खे गाव एकत्र आले, याचे मला आजही अप्रूप वाटते. फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी जागतिक खवले मांजर दिन असतो. त्या दिवशी आपल्या जिल्हा पुरवणीत अशा गावांविषयी सविस्तर लिहावे, ही दुसरी विनंती.

कळावे,
आपला नियमित वाचक,
चिपळूण