घर दोघांचं, गहाणखतावर सहीही दोघांची

मा. संपादक,
स. न.

घर नवरा-बायको दोघांच्या नावावर असलं की धंदा बुडाला तरी निदान बायकोच्या अर्ध्या हिश्शाला कुणी हात लावू शकत नाही, असं समजणारी माणसं मला महसूल खात्यातल्या नोकरीत सतत भेटत गेली. चांगली शिकलेली, व्यवहारातली माणसं. सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यातले छोटे कारखानदार, दुकानदार, ट्रकमालक. हा समज किती महागात पडतो ते मी ताबा घ्यायला जाणाऱ्यांच्या बाजूने पाहिलं आहे, म्हणून हे पत्र.

कर्ज थकून खातं बुडीत धरलं गेलं की २००२ च्या सरफेसी कायद्याखाली, म्हणजे न्यायालयात न जाता तारण विकून कर्ज वसूल करू देणाऱ्या कायद्याखाली, बँक ६० दिवसांची मागणी नोटीस काढते. त्या मुदतीत पैसे भरले गेले नाहीत आणि घराचा ताबा सुखासुखी मिळाला नाही, तर ताबा मिळवून द्या, असा त्याच कायद्याच्या कलम १४ चा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे येतो. आदेश झाला की तहसील कार्यालयातून आमच्यापैकी कुणीतरी पोलीस आणि पंच घेऊन त्या दारात उभं राहतं.

अशाच एका दारात मी उभी होते. नवऱ्याचं लेथ मशीनवरचं जॉबवर्क, मोठ्या गिऱ्हाइकाने बिलं अडकवली आणि हप्ते थकले. सामानाची यादी चालू होती. फ्रीज एक, लोखंडी कपाटं दोन, शिलाई मशीन एक. तेवढ्यात बाई आतल्या खोलीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला इंडेक्स टू, म्हणजे खरेदीच्या नोंदणीचा उतारा, घेऊन आल्या. "मॅडम, हे बघा, अर्धं घर माझं आहे. ह्यांचा भाग घ्या, माझी एक खोली तरी सोडा." बँकेच्या अधिकाऱ्यांनी फाइल उघडून गहाणखताचं शेवटचं पान काढलं. नवऱ्याच्या सहीखाली बाईंची सही होती, 'सहकर्जदार' म्हणून. बाई म्हणाल्या, "ही सही मशीनच्या कर्जाला केली होती, घराला नाही." तारण घरच होतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. त्या कधी खोटं बोलल्या असतील असं मला वाटत नाही. शाखेत फुल्या मारलेल्या जागी सह्या करायला सांगतात आणि बायका विश्वासाने करतात.

सहमालकाची सही घेतल्याशिवाय बँका घर तारण घेतच नाहीत. त्यामुळे जोडीने घेतलेलं घर तारण असलं, की दोन्ही हिस्से कर्जाला बांधलेले असतात. लिलावात पूर्ण घर जातं. येणं फिटून काही उरलं तर ते मालकांना परत मिळतं, कमी पडलं तर उरलेल्या रकमेसाठी बँक ऋणवसुली न्यायाधिकरणात जाऊ शकते आणि तिथेही दोघं देणेकरी असतात.

नोटिशीचं तर फार वाईट आहे. नियमानुसार प्रत्येक कर्जदाराला नोटीस बजावावी लागते. प्रत्यक्षात टपालाची दोन्ही पाकिटं नवराच सही करून घेतो आणि घरात काळजी नको म्हणून कपाटात ठेवतो. बायकोला कळतं ते दारावर कागद डकवल्यावर. २०१६ च्या दुरुस्तीनंतर सगळं येणं भरून घर सोडवण्याचा हक्क लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच राहतो, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसा स्पष्ट निकालही दिला आहे. माहेरची मदत, सोनं, पीएफ असं काही उभं करू शकली असती ती बाई तोवर अंधारात असते.

घर तारण नसेल तर चित्र वेगळं असतं. एकट्या नवऱ्याला न्यायालयाने नादार, म्हणजे दिवाळखोर ठरवलं, तर त्याचाच हिस्सा देणी फेडण्यासाठी न्यायालय नेमेल त्या रिसीव्हरकडे जातो. बायको तिच्या हिश्शाची मालक राहते. पण दोन खोल्यांच्या फ्लॅटची वाटणी काय करणार? १८९३ च्या वाटप कायद्यानुसार निम्मा हिस्सा असणारा विक्रीची मागणी करू शकतो. त्याच कायद्यात दुसऱ्या मालकाला न्यायालयाने ठरवलेल्या किमतीत तो हिस्सा विकत घेता येतो, ही सोय फार थोड्यांना ठाऊक आहे. दोघंही नादार झाले तर मात्र दोन्ही हिस्से जातात. बुडायच्या बेतात असताना दोनशे रुपयांच्या मुद्रांकावर घर बायकोच्या नावे बक्षीसपत्र करून ठेवणारेही मी पाहिले. नादारीच्या आधी दोन वर्षांत केलेलं असं हस्तांतर रद्द ठरू शकतं.

आणि नादारीचं हे सगळं ज्या कायद्याने चालतं तो मुंबईत १९०९ चा आहे, बाकी महाराष्ट्रात १९२० चा. १९२० च्या कायद्यात अर्ज करायला कर्जाची रक्कम अजून पाचशे रुपये लिहिलेली आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० जप्तीतून भांडी, अंथरूण-पांघरूण, बाईचं मंगळसूत्र आणि शेतकऱ्याचं, मजुराचं राहतं घर वगळतं. कुपवाडच्या लेथवाल्याचं घर त्यात बसत नाही.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग आहे. त्यात बोजा नसलेलं एक राहतं घर ठरावीक किमतीपर्यंत वाचवण्याची आणि दिवाळखोरीच्या आदेशानंतर वर्षभरात उरलेल्या देण्यातून सुटका होण्याची तरतूद आहे. पण १ डिसेंबर २०१९ पासून तो भाग लागू झाला फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. त्यांच्यासाठी घराची मर्यादा शहरात वीस लाख, ग्रामीण भागात दहा लाख. स्वतःच्या नावाने धंदा करणाऱ्या माणसाला आणि त्याच्या बायकोला तेवढंही नाही. मोठ्या कंपनीचा हमीदार संहितेच्या आश्रयाला जाऊ शकतो आणि लेथवाला शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्यावर सोडून दिला जातो, हे मला अन्यायाचं वाटतं.

माझ्या मागण्या साध्या आहेत. सहकर्जदार बायकोची सही घेताना घर तारण जात आहे, हे तिला मराठीत वाचून दाखवावं आणि तसं तिच्या हस्ताक्षरात लिहून घ्यावं. मागणी नोटीस तिच्या स्वतःच्या हातात पडल्याची पोच असल्याशिवाय जिल्हाधिकाऱ्यांनी कलम १४ चा आदेश काढू नये. घराची मर्यादा आजच्या किमतींना धरून वाढवावी आणि संयुक्त घराला ती प्रत्येक हिश्शाला लावायची की पूर्ण घराला, हे नियमातच लिहावं. आणि संहितेचा तो भाग सर्वसामान्यांना कोणत्या तारखेपासून लागू करणार, याचं लेखी उत्तर आपल्या भागातल्या खासदारांनी येत्या अधिवेशनात अर्थमंत्र्यांकडून घ्यावं.

आपली,
एक निवृत्त मंडळ अधिकारी, मिरज