एबीएस सक्तीचे कराच, पण दिवा पेटल्यावर काय तेही ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सर्व नव्या दुचाक्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, लावायचे की नाही, ही चर्चा जून 2025 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मसुदा काढला तेव्हापासून सुरू आहे. मसुद्यात तारीख होती 1 जानेवारी 2026, आणि अट अशी की 50 सीसीहून मोठे इंजिन किंवा ताशी 50 किलोमीटरहून जास्त वेग असलेल्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस हवे. कंपन्यांनी पुरवठ्याची आणि किमतीची अडचण पुढे केली. आमचे म्हणणे असे की सक्ती हवीच. ती पुढच्या चाकापुरती असली तरी चालेल, पण ती शोरूमच्या दारात संपता कामा नये.

सध्याचा नियम 2019 पासूनचा आहे. 125 सीसीहून मोठ्या गाडीला एबीएस, त्याखालच्या गाडीला एबीएस किंवा सीबीएस, म्हणजे जोडब्रेक. कंपन्यांनी साहजिकच स्वस्तातला सीबीएस उचलला. इंदूरच्या रस्त्यांवर दूधवाल्यांच्या, कुरियरवाल्यांच्या आणि कॉलेजच्या पोरांच्या ज्या गाड्या दिसतात त्या बहुतेक 100 ते 125 सीसीच्याच. म्हणजे जे सर्वांत जास्त वेळ रस्त्यावर असतात, त्यांनाच नियमाने वगळले. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे गेली. त्यांतली सुमारे 44.5 टक्के दुचाकीवरची होती.

सीबीएस अगदीच निरुपयोगी आहे असे नाही. मागचे पेडल दाबले की तारेने किंवा दांड्याने पुढचा ब्रेकही थोडा लागतो. पुढच्या ब्रेकला हातच न लावणाऱ्यांना त्याचा फायदा होतो. पण चाक लॉक होऊ न देण्याची सोय त्यात नाही. ओल्या रस्त्यावर पेडलवर पूर्ण भार दिला की मागचे चाक घसरते ते घसरतेच. शिवाय जोडणारी तार सैल पडली की पुढचा ब्रेक लागायचा बंद होतो, आणि चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही, कारण मागचा लागतच असतो. सर्व्हिसिंगच्या वेळी ही तार मुद्दाम तपासायला सांगावी लागते. कुणी सांगत नाही.

खरी गोष्ट पुढच्या चाकाची आहे. आपल्याकडे पोराला गाडी शिकवताना पहिला धडा असतो, ‘पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटशील.’ ही भीती खोटी नाही. पुढचे चाक लॉक झाले की गाडीचा तोल डोळ्याचे पाते लवायच्या आत जातो. पण ब्रेक लावताच गाडीचे वजन पुढे सरकते, मागचे चाक हलके होते आणि थांबवण्याचे निम्म्याहून बरेच जास्त काम पुढच्या चाकाकडे जाते. फक्त मागच्या ब्रेकवर गाडीचा वेग सेकंदाला जेमतेम साडेतीन मीटर प्रति सेकंद या दराने उतरतो. दोन्ही ब्रेक नीट लावले तर कोरड्या डांबरावर हा दर साताच्या आसपास जातो. ताशी 60 किलोमीटरला हिशेब करून पाहा. दोन्ही ब्रेकने गाडी सुमारे 20 मीटरमध्ये थांबते, नुसत्या मागच्याने जवळजवळ 40 मीटर लागतात. ब्रेक मारायचे ठरवण्यात जाणारा सेकंदभर, म्हणजे आणखी 16-17 मीटर, दोन्हीकडे सारखाच वर धरायचा. सुपर कॉरिडॉरवर समोर गाय आली तर हे 20 मीटर फार असतात. एबीएसचे मोठे काम हेच, की पुढचा ब्रेक बिनधास्त दाबता यावा.

ते काम कसे होते तेही सांगायला हवे, कारण त्याची देखभाल त्यावरच अवलंबून आहे. डिस्कच्या आतल्या बाजूला भोके असलेली एक पातळ लोखंडी कडी असते, तिला टोन रिंग म्हणतात. तिच्यासमोर साधारण एक मिलिमीटर अंतरावर सेन्सर बसवलेला असतो. भोके समोरून जातात तसे तो ठोके मोजतो. ठोके अचानक विरळ झाले की कंट्रोल युनिटला कळते, चाक अडकायला लागले. मग एक झडप ब्रेकच्या तेलाचा दाब अडवते, दुसरी थोडा दाब सोडते, चाक फिरू लागले की पंप तेल परत ढकलतो. हे सेकंदात अनेकदा होते आणि हाताला लिव्हर थरथरल्यासारखे वाटते. अनेक जण इथेच चुकतात. थरथर जाणवली की काहीतरी बिघडले समजून ते ब्रेक सोडतात. सोडायचे नाही, दाबून धरायचे. नवी गाडी घेतली की एकदा मोकळ्या, कोरड्या, सरळ रस्त्यावर मागे कुणी नाही असे पाहून ताशी 30 ला गाडी सरळ उभी ठेवून दोन्ही ब्रेक पूर्ण दाबून बघावेत. हाताला ओळख झाली पाहिजे. शोरूमवाले चावी देताना पेढ्याचा डबा देतात, ही ओळख कुणी करून देत नाही.

एबीएसच्या मर्यादाही लपवू नयेत. वळणावर गाडी झुकलेली असताना साधे एबीएस पडण्यापासून वाचवेलच असे नाही. त्यासाठी झुकाव मोजणारा सेन्सर लागतो आणि तो महागड्या गाड्यांतच असतो. खंड्वा रोडवरच्या भेरूघाटात ही मर्यादा लक्षात ठेवायला हवी. सोयाबीनच्या हंगामात मंडीजवळ दाणे सांडलेले असतात, मेट्रोच्या कामापाशी माती पसरलेली असते. अशा जागी एबीएसची गाडी थांबायला कधी कधी जास्तच अंतर घेते. पण ती उभी राहून थांबते. गुळगुळीत टायरला एबीएस नवी पकड देत नाही. खाचा एक मिलिमीटरवर आल्या की टायर संपला समजावा.

तरीही फायदा किती? अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या रस्ता-सुरक्षा संस्थेने एकाच मॉडेलच्या एबीएस असलेल्या आणि नसलेल्या मोटारसायकलींची तुलना केली. एबीएसवाल्या गाड्यांत जीवघेण्या अपघातांचे प्रमाण 22 टक्क्यांनी कमी निघाले. युरोपीय संघाने 125 सीसीहून मोठ्या नव्या मोटारसायकलींना 2016-17 मध्येच ते सक्तीचे केले. आपल्याकडे लहान गाड्याच जास्त, म्हणून आपण त्यांनाही धरायला हवे.

किमतीचा मुद्दा खरा आहे. लहान गाडीला पुढे ड्रम असेल तर नुसते एबीएस लावून भागत नाही. डिस्क, कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग), मास्टर सिलिंडर, तेलाचा पाइप, वेगळा हब आणि फोर्कचा खालचा भाग हे सगळे बदलते. बॅटरीही तीन-चार अँपिअर-तासांची असते आणि एबीएसच्या पंपाला क्षणभर चांगलाच करंट लागतो. हा खर्च काही हजारांत जातो. पण 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या दुचाक्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला. कराआधी 60 हजार किमतीची गाडी 76,800 वरून 70,800 वर आली. त्या सहा हजारांतून सुरक्षेचा खर्च निघू द्यायला हरकत नव्हती. एकाच चाकाचे एबीएस हा त्यातला परवडणारा मार्ग आहे. मागचे चाक घसरले तर गाडी बहुतेकदा सावरता येते, पुढचे घसरले तर नाही.

आता बिघाडांकडे येऊ. आमच्या मते सक्तीचा नियम इथेच उघडा पडेल.

सर्वांत जास्त नुकसान पंक्चरच्या दुकानात होते. पुढचे चाक काढले की ते डिस्कच्या बाजूने जमिनीवर आडवे टाकतात आणि टायर उचकटायला पहार डिस्कवर टेकवतात. टोन रिंग पातळ पत्र्याची. एक भोक जरी दबले तरी सेन्सरला प्रत्येक फेरीत एक ठोका चुकीचा मिळतो. मग हळू वेगात, अगदी सिग्नलवर थांबताना, लिव्हर उगाच धडधडते किंवा मीटरमधला एबीएसच्या बिघाडाचा दिवा लागतो. दुसरा प्रकार सेन्सरच्या वायरचा. चाक ओढून काढताना ती ताणली जाते, परत बसवताना क्लिपमध्ये न अडकवता तशीच सोडतात आणि ती डिस्कवर घासून तुटते. पावसाळ्यात सेन्सरच्या तोंडावर काळ्या मातीचा आणि लोखंडी भुशाचा थर बसतो. तो मऊ कापडाने पुसून निघतो, पण लोक त्यावर प्रेशरने पाणी मारतात आणि पाणी कनेक्टरमध्ये शिरते.

ब्रेक पॅड बदलण्याची आपली पद्धतही बदलायला हवी. नवे पॅड बसावेत म्हणून कॅलिपरचे पिस्टन मागे रेटतात. त्या वेळी कॅलिपरमधले जुने, काळे पडलेले तेल उलटे एबीएसच्या युनिटमध्ये जाते आणि बारीक झडपांत कचरा अडकतो. ब्लीडर निप्पलला नळी लावून तो उघडावा, मगच पिस्टन रेटावा. घाण तेल बाहेर पडते. मग निप्पल बंद करून टाकीत ताजे तेल भरावे आणि ब्लीडिंग करून हवा काढावी. तेल बहुतेक गाड्यांना डॉट 4 लागते, टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते. हे तेल हवेतला ओलावा ओढते. नव्या डॉट 4 चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश असतो, ओलावा मुरला की तो 155 पर्यंत उतरू शकतो. घाट उतरताना असे तेल उकळले की लिव्हर पोकळ लागते. दर दोन वर्षांनी ते बदलायचे, रंग कसाही असो. आणि त्यात कुणी इंजिन ऑइल टाकले तर रबरी सील फुगतात आणि पूर्ण युनिटच बदलावे लागते, कारण ते उघडून दुरुस्त होत नाही.

युनिटची किंमत ऐकली की मालक विचारतो, ‘लाइट बंद कर दो ना, ब्रेक तो लग रहा है।’ फ्यूज काढला जातो किंवा दिव्याची वायर कापली जाते. ब्रेक लागतो हे खरेच. फक्त तो पूर्वीसारखा लॉक होणारा ब्रेक असतो. ज्याला हे माहीत नाही असा पुढचा मालक एबीएस आहे म्हणून बिनधास्त पुढचा ब्रेक दाबतो. ही गाडी मुळात एबीएस नसलेल्या गाडीपेक्षा धोक्याची आहे.

खासगी दुचाकीला पंधरा वर्षे फिटनेसची तपासणी नसते. पण पीयूसी मात्र दरवर्षी लागते. त्या वेळी एक मिनिटाचे काम वाढवावे. चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागला पाहिजे, आणि गाडी थोडी पुढे नेली, साधारण ताशी दहाच्या आत, की तो विझला पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी तोडला आहे. विझला नाही तर बिघाड आहे. दोन्हींची नोंद प्रमाणपत्रावर व्हावी. सुरुवातीला दंड नको, नोंद पुरे; विमा आणि जुन्या गाड्यांचा बाजार बाकीचे करेल.

दुसरी अट कंपन्यांवर घालावी. बिघाडाचा कोड कोणत्याही साध्या स्कॅनरने वाचता यावा. आज अनेक गाड्यांत तो अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या यंत्रालाच दिसतो. देपालपूर किंवा सांवेरच्या मिस्तरीने काय करायचे? तो फ्यूजच काढणार. टोन रिंग आणि सेन्सर सुटे मिळावेत, पूर्ण हब घ्यायला लावू नये.

तिसरे, आपल्या पीथमपूरला नॅट्रॅक्स हे वाहनांच्या चाचणीचे केंद्र आहे. सुमारे 3000 एकरांचा परिसर, 11.3 किलोमीटरचा वेगवान ट्रॅक, ब्रेकच्या चाचणीसाठी वेगवेगळ्या पकडीचे रस्ते. तिथे वर्षातून काही दिवस इंदूर-धारच्या मिस्तरींना आणि ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांना ओल्या, निसरड्या पृष्ठभागावर एबीएस दाखवावे. ज्या पीथमपुरात कायनेटिक होंडा बनली, तिथल्या कारागिरांना हे नवे नाही.

बाकीच्या इलेक्ट्रॉनिक सोयी सक्तीच्या करू नयेत. आठ अश्वशक्तीच्या गाडीला ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे वेग देताना चाक घसरू न देणारी सोय, कशाला? रडार, मोबाइलची जोडणी, रंगीत स्क्रीन हे ज्याला हवे त्याने घ्यावे. हेडलाइट आपोआप चालू राहण्याची सक्ती 2017 मध्ये झाली तेव्हा लोक हसले होते, पण तिला खर्च नव्हता आणि ती बिघडण्यासारखी नव्हती. कच्च्या रस्त्यासाठी मागचे एबीएस बंद करण्याचा स्विच काही गाड्यांत असतो. तो असू द्यावा, मात्र चावी बंद करून पुन्हा सुरू केल्यावर एबीएस आपोआप चालू झालेच पाहिजे. आणि त्याच मसुद्यातली गाडीबरोबर आयएसआय चिन्हाची दोन हेल्मेट देण्याची अट तर कोणतीही मुदतवाढ न देता लागू करावी. तिला ना नवा कारखाना लागतो, ना स्कॅनर.

आपले,
दुचाकी दुरुस्ती करणारे काही कारागीर,
रामबाग, इंदूर