नवे नारळ नंतर, आधी कालवे

पुरवणी मागण्या (अर्थसंकल्पानंतर सरकार विधिमंडळाकडे मागते तो जादा निधी) आल्या की चर्चा नव्या घोषणांचीच होते; रखडलेली जुनी कामे मागेच राहतात. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरण प्रकल्पाचेच पाहा. त्याला १९८३ मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा खर्च होता सुमारे ३७२ कोटी रुपये. पुढे तो १८ हजार कोटींच्या वर गेला. पुनर्वसन रेंगाळले, कामे रखडली, भाव मात्र थांबले नाहीत. जिथे कालवे अर्धवट राहिले, तिथला धानउत्पादक धरण भरलेले असूनही आभाळाकडे पाहत राहिला. सरकारने काढलेल्या कर्जावरचे व्याज चालू, अर्धवट कामातून उत्पन्न शून्य! तिजोरी अशानेच खिळखिळी होते. गरजूंना थेट मदत द्यायला माझा अजिबात विरोध नाही. पण अर्थमंत्र्यांनी नवे नारळ फोडण्याआधी पूर्णत्वाला आलेल्या कामांना पुरेसा निधी द्यावा आणि प्रत्येक प्रकल्पाची मूळ व सुधारित किंमत अर्थसंकल्पात शेजारी-शेजारी छापावी.

– एक वाचक, भंडारा