पबचं दार उघडून आत तरी बघा

संपादक महोदय, स.न.वि.वि.

आपल्या पेपरात ब्रिटन ट्रिपचे लेख येतात त्यात राजवाडे असतात, म्युझियम असतात, पण जुन्या पबांबद्दल लिहिलंच कोणी तर ते बियरबद्दल. अहो नका पिऊ बियर, लिंबू सोडा घ्या, पण आतलं काम तरी बघा! उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचा क्राउन लिकर सलून हा जुना पब घ्या, कोरीव लाकूड, रंगीत काचा, अजूनही गॅसचे दिवे, आणि एका बाजूला दार लावून बसायच्या छोट्या छोट्या खोल्या, त्याला स्नग म्हणतात, आत काडी ओढायला धातूची पट्टी आणि वेटरला बोलवायला बेल. समोरच्या युरोपा हॉटेलवर तिथल्या राजकीय दंगलीच्या काळात इतक्यांदा बॉम्बहल्ले झाले की ह्याच्याही काचा फुटल्या, पण सगळं पुन्हा नीट बसवलं. १९७८ ला नॅशनल ट्रस्टने, म्हणजे वारसा जपणाऱ्या संस्थेने, तो विकत घेतला आणि दोऱ्या बांधून 'हात लावू नये' केलं नाही, पब चालूच ठेवला. मला हेच पटतं.

लिव्हरपूलच्या फिलहार्मोनिक पबमध्ये तर पुरुषांच्या टॉयलेटमधली संगमरवरी मुताऱ्या बघायला लोक जातात (हसू नका, खरंच जातात), २०२० मध्ये त्या इमारतीला वारसा यादीत ग्रेड वन, म्हणजे सगळ्यात वरचा दर्जा मिळाला.

नाहीतर बऱ्याच ठिकाणी काय होतं, दर्शनी भिंत ठेवायची आणि आतलं सगळं तोडून एकच मोठा हॉल करायचा. हे मला पाडण्याइतकंच वाईट वाटतं, कारण पब म्हणजे आतलाच भाग ना. लंडनच्या प्रिन्सेस लुईझमधली काढून टाकलेली लाकडी पार्टिशन्स २००८ च्या सुमारास पुन्हा बसवली, म्हणजे मनात आणलं तर जमतं. आणि लंडनचाच कार्ल्टन टॅव्हर्न पब! एप्रिल २०१५ मध्ये परवानगी नसताना मालकाने बुलडोझर घातला, तर तिथल्या वेस्टमिन्स्टर कौन्सिलने, म्हणजे नगरपालिकेने, ऑर्डर काढली की होता तस्साच परत बांधा. वारसा यादीत घ्यायचं चाललेलं म्हणून बारीकसारीक नोंदी आधीच झालेल्या होत्या, त्या कामाला आल्या. २०२१ ला पब परत उघडला.

तेव्हा पुढच्या लेखात ह्यातला एखादा येऊ द्या. आणि जाणाऱ्यांनी शुक्रवार संध्याकाळ टाळा, गर्दीत छतसुद्धा दिसत नाही, मधल्या वारी दुपारी जा.

आपला एक वाचक