दर लिहून देण्याआधी

चि. अमोल,
अनेक आशीर्वाद.

काल ताटावरून उठलास तो तसाच सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबईला गेलास. दराबद्दल अवाक्षर काढायचं नाही, असं तुझ्या आईला कबूल केलंय. चटणीचा डबा बॅगेत खालच्या बाजूला आहे.

पण व्यापाऱ्याला टॉवेलचा वर्षभराचा दर लिहून द्यायचा आहे, म्हणून लिहितो. तू १,००० किलो सुतावर सूत आणि प्रक्रियेचा खर्च २,८५,००० धरलास आणि किलोला २८५ काढलेस. सायझिंगला, म्हणजे सुताला खळ देताना, सूत तुटतं, ब्लीचिंगला वजन घटतं, कापताना काठ निघतात. हाती येतो ९४० किलो माल. चिंधी विकून आलेले ३,००० वजा करून २,८२,००० भागिले ९४०, म्हणजे ३००. किलोला १५, म्हणजे अर्ध्या किलोच्या टॉवेलमागे साडेसात रुपये तुझ्या दरात कमी लागले. १०,००० टॉवेलला ७५,०००!

याउपर डाग पडून २० किलो वाया गेले, तर ते या दरात घालू नकोस. ३०० च्या भावाने ६,००० वेगळे काढायचे, विकून आलेले वजा करायचे, उरलेले नफातोट्याला. चांगल्या मालावर लादलेस तर घोळ कुठे झाला ते कळतच नाही. आजोबांच्या वहीत चिंधीचा खण वेगळा असे. त्यावर तू ट्रॅक्टर काढायचास, आणि ते तुला ओरडायचे नाहीत, मलाच ओरडायचे.

नॅपकिनचं बघ. कटिंग आणि शिलाई नगावर चालते. एका टॉवेलच्या वजनात चार-पाच नॅपकिन बसतात, तेवढ्या कडा जास्त. सगळा खर्च किलोवर वाटलास की नॅपकिन स्वस्त दिसतो, आणि व्यापारी नेमका तोच मागतो.

माग बंद उभे असतील तर सूत, रंग, मजुरी, पॅकिंग सुटून वर चार पैसे उरले तरी एखादी ऑर्डर घ्यावी, हे तुझं बरोबर. पण वर्षभर? मग शेडचं भाडं, माग सांभाळणाऱ्या जॉबरचा पगार, माग बंद असले तरी येणारा विजेचा मागणी आकार कोण भरणार? हा स्थिर खर्च माग नेहमी जितके तास चालतात त्यावर वाट. मंदीत निम्मे चालले म्हणून नगावर दुप्पट चढवायचा नाही. जो अंगावर राहील तो त्या महिन्याच्या तोट्यात. मालसाठ्याच्या हिशेबाचा नियम आहे ना, लेखांकन मानक २, त्यातही हेच आहे.

झालं परत व्याख्यान. राग मानू नकोस. कॉस्टिंगला तुझे मार्क माझ्यापेक्षा जास्त, हे मी चाटी गल्लीत निम्म्या दुकानांत सांगून आलोय. माझ्या छातीचं डोक्यात घेऊ नकोस, गोळ्या वेळेवर चालू आहेत.

फक्त वर्षभराचा दर २८५ वर देऊ नकोस. आणि सुताचा भाव हलला तर दर हलेल, ही ओळ करारात घालून घे. नाही म्हणाले तर तीन महिन्यांचाच दर दे. सहीआधी फोन कर, रात्री कितीही वाजले तरी.

तुझे
अण्णा